पाठवायचे राहून गेलेले हातमोजे

इंगोलश्टाटच्या गाड्यांच्या कारखान्यात नवऱ्याला काम मिळालं आणि सांगलीच्या ज्युनियर कॉलेजातली इंग्रजीची नोकरी सोडून मी त्याच्या मागोमाग जर्मनीत आले. दोन हजार तीनचा ऑक्टोबर होता. शहरात घर मिळेना, म्हणून रेल्वेने वीस मिनिटांवरच्या एका लहान गावात आम्ही एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालक एकटेच राहत. ऐंशीच्या आसपासचे, उंच, पाठीत थोडे वाकलेले. घर बघायला गेलो तेव्हा हात मिळवायच्या आधी त्यांनी माझ्या शालीची कड दोन बोटांत धरून चोळून पाहिली.

"काश्मिरी नाही," ते म्हणाले.

"नाही. सांगलीच्या बाजारातली आहे," मी इंग्रजीत म्हटलं, नवऱ्याने जर्मनमध्ये सांगितलं.

"पण वीण चांगली आहे," असं म्हणून त्यांनी किल्ल्या दिल्या.

त्यांच्या दारावर पितळी पाटी होती. त्यावरचा लांबलचक शब्द मला लागेना. नवऱ्याने कारखान्यात कुणाला तरी विचारून आठवड्याभराने अर्थ आणला. क्युर्शनरमाइस्टर, म्हणजे जनावरांच्या फरचे कोट शिवणारा उस्ताद. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं आणि आता पायाखाली तळघरात मेलेल्या जनावरांची कातडी टांगलेली.

"आता मीटफरट्रागवर, भाडेकरारावर सही झालीय," नवरा म्हणाला. "आणि दुसरं घर कोण देतंय?"

आपल्याकडे शिंप्याला मास्तर म्हणतात. हे तर माइस्टरच होते. तेव्हापासून आम्ही दोघं आपसात त्यांना मास्तर म्हणू लागलो. एकदा नवऱ्याच्या तोंडून त्यांच्यासमोरच 'मास्तर' निघून गेलं. त्यांनी अर्थ विचारला, आम्ही सांगितला, तर ते खूश झाले. मग कायमचंच मास्तर.

नवऱ्याच्या व्हिसावर मी आलेली, मला नोकरी करायची परवानगी नव्हती. आठवड्यातून दोनदा गावातल्या जर्मनच्या वर्गाला जायचे, बाकीचा दिवस खिडकीतून समोरच्या बेकरीकडे बघत बसायचे. नोव्हेंबरमध्ये एके दिवशी मास्तर जिना चढून आले आणि त्यांनी व्यवहार मांडला. मी त्यांना इंग्रजी शिकवायचं, त्यांनी मला जर्मन. ऐंशीव्या वर्षी इंग्रजी कशाला हवं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आमचा वर्ग त्यांच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये भरायचा, कारण घरातली सगळ्यात उबदार खोली तीच होती. पहिले काही दिवस मी श्वास जपूनच घ्यायची. पण वास वाईट नव्हता. लाकडाचा, मेणाचा, थोडा कापराचा. लांब टेबलावर फळ्या, त्यांवर ताणून खिळ्यांनी टाचलेल्या कॉलरी, खिडकीखाली एक जुनं शिवणयंत्र. नवे कोट शिवणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. गावातल्या म्हाताऱ्या बायकांचे जुने कोट दुरुस्त करून द्यायचे, तेवढंच. विशेषणं शिकवायला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. एकेक कातडं माझ्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, "वाइख," म्हणजे मऊ. "डिश्ट," म्हणजे दाट. केसांवर हळूच फुंकर मारायचे की वरचे राठ केस बाजूला व्हायचे आणि आत कापसासारखी लव दिसायची. तिसऱ्या आठवड्यात मीही हात लावायला लागले. नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आईला सांगू नकोस."

त्या हिवाळ्यात मास्तरांच्या तोंडून, सावकाश जर्मनमध्ये आणि कोश मध्ये ठेवून, मी एक आख्खा इतिहास ऐकला. शाळेत आम्हाला मिरी-मसाल्यांचा, कापसाचा, निळीचा व्यापार शिकवला होता. उत्तर अमेरिकेतल्या फरच्या व्यापाराबद्दल मला ओ की ठो माहीत नव्हतं.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', असं म्हणून ते सुरू करायचे, "युरोपातल्या साहेबांना टोपी हवी होती. टोपीला लागायचा नमदा, केस दाबून केलेलं जाड कापड, आणि उत्तम नमदा व्हायचा बीव्हरच्या लवेचा. इथले बीव्हर मारून संपवले, मग लोक कॅनडाकडे वळले."

बीव्हर म्हणजे नदीत लाकडांचे बांध घालणारा, चपट्या शेपटीचा प्राणी. तो पकडायचे तिथले मूळ रहिवासी. कंपन्यांनी नद्यांच्या तोंडाशी ठाणी टाकली. कातड्यांच्या बदल्यात भांडी, सुऱ्या, बंदुका, घोंगड्या, काचेचे मणी. मला ईस्ट इंडिया कंपनीच आठवली आणि मी तसं म्हटलंही.

"गेनाऊ! अगदी तेच!" मास्तर म्हणाले. "तुम्हाला जास्त समजवावं लागणार नाही."

मग त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. टोपीवाल्यांना सगळ्यात मोलाचं वाटायचं ते नवं कातडं नव्हे, तर तिथल्या लोकांनी दोन-तीन हिवाळे अंगावर घालून जुना केलेला बीव्हरचा झगा. अंगाच्या घामाने आणि तेलाने वरचे राठ केस झडून जायचे आणि आतली लव टोपीसाठी आयती तयार व्हायची. म्हणजे वापरलेला झगा नव्यापेक्षा महाग. हे गोरे लोक आपले जुनेर कपडे एवढ्या हौसेने का नेतात, म्हणून तिथले लोक हसत असणार, असं मास्तर म्हणाले आणि स्वतःच हसले.

पण ते नुसतं गमतीचं सांगत नसत. ठाण्यांबरोबर देवीची साथ आली, दारू आली, गावंच्या गावं रिकामी झाली, हेही सांगायचे. कातडी सोलणं, खरवडणं, कमावणं, बर्फात चालायची पादत्राणं विणणं ही सगळी कामं बायकांची. त्यांच्यावाचून एकही व्यापारी तिथला हिवाळा काढू शकला नसता. "आणि आम्ही लाइपझिगला बसून बोटांनी सांगायचो, हे कुठल्या नदीचं कातडं, कुठल्या महिन्यातलं," ते म्हणाले. "ते कुणी कमावलं, हे कधी कुणी विचारलं नाही."

मास्तर मूळचे लाइपझिगचे. तिथल्या एका रस्त्यावर सगळी दुकानं फरचीच होती, जगभरचा माल तिथे यायचा. त्यांच्या आजोबांचंही तिथे दुकान होतं. शेजारचे बरेच व्यापारी ज्यू. मास्तर लहान असतानाच त्या शेजाऱ्यांना हाकललं गेलं, त्यातले पुष्कळ परत आलेच नाहीत. हे सांगताना ते हातातलं काम थांबवायचे. "आमच्या घरात त्यांच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. माझा बाप नाही, आजोबा नाहीत. मीही विचारलं नाही, फार उशिरापर्यंत." युद्धानंतर त्यांचे वडील कुटुंब घेऊन इकडे बव्हेरियात आले.

जानेवारीत एका दुपारी मास्तरांनी कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत पांढऱ्या कापडात गुंडाळलेले हातमोजे होते. अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटांना मिळून एक पिशवी, तशा जातीचे. जाड, तपकिरी, कमावलेल्या कातड्याचे, मनगटाशी बीव्हरच्या फरची पट्टी. पाठीवर काचेच्या बारीक मण्यांची फुलं, लाल, गुलाबी, पिवळी, हिरव्या देठांची. दोन्ही मोजे लोकरीच्या लांब वेणीने जोडलेले होते. ती गळ्यात अडकवायची म्हणजे मोजे बर्फात हरवत नाहीत. मी नाकाजवळ नेले, तर चुलीच्या धुराचा स्वच्छ वास आला.

"कातडं धुरावर धरून पक्कं करतात," मास्तर म्हणाले. "नव्वद वर्षांहून जास्त झाली, वास जात नाही."

त्यांचे आजोबा तरुणपणी लाइपझिगच्या एका व्यापाऱ्याच्या वतीने कातडी पारखायला कॅनडाच्या उत्तरेला गेले होते. एका नदीकाठच्या ठाण्यावर क्री नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये दोन हिवाळे राहिले. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी की निघताना तिथल्या सरदाराने त्यांना हे मोजे भेट दिले. लाइपझिगच्या दुकानात दर हिवाळ्यात ते काचेत मांडलेले असत. शहर सोडताना मास्तरांच्या आईने भांडीकुंडी मागे ठेवली, पण हा डबा उचलला.

मोज्यांखाली एक पत्र होतं. इंग्रजी, तिरक्या दाट अक्षरातलं.

"हे सरदाराचं आभाराचं पत्र," मास्तर म्हणाले. "तिथल्या पाद्र्याने लिहून दिलेलं. माझ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. मला मरायच्या आधी एकदा नीट वाचायचंय. म्हणून तर तुमच्याकडे शिकतोय."

मी वाचायला घेतलं. अक्षर अवघड होतं, तरी पहिल्या परिच्छेदातच मला कळलं की हे आभाराचं पत्र नाही. मास्तर हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे.

"अक्षर फार बारीक आहे," मी म्हटलं. "वर घेऊन जाऊ का? नीट उतरवून आणते."

त्यांनी हो म्हटलं. मी जिना चढले ती खोटं बोलल्याच्या भावनेनेच.

पत्र सरदाराचं नव्हतंच. एका बाईचं होतं. पाद्र्याने लिहिलं होतं, की अमुक बाई त्याच्याकडे येऊन बसली आहे आणि ती सांगते ते तो लिहितो आहे. जहाज गाठायला निघालेल्या जर्मन पाहुण्याचे हात गारठ्याने फुटले होते, म्हणून तिने आपल्या नवऱ्याचे मोजे त्याला प्रवासापुरते दिले होते. बंदरावर पोचल्यावर होडीवाल्यांबरोबर ते परत पाठवायचे, असं ठरलं होतं. होडीवाले रिकामे परत आले. मोजे पाठवण्याची कृपा केल्यास ती आभारी राहील. खाली पाद्र्याची सही आणि त्याखाली त्रिकोण, बाकदार रेघा आणि ठिपके यांच्या दोन ओळी. मला वाटलं, शाई वाळतेय का ते बघायला कुणीतरी गिरगटलं असेल.

मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

"आभाराचंच पत्र आहे म्हणून सांग," तो म्हणाला. "ऐंशी वर्षांचा माणूस आहे. आयुष्यभर एक गोष्ट सांगत आलाय. आता काय उपयोग?"

"नीट वाचायचंय, एवढंच ते म्हणालेत. काय ऐकायचंय ते नाही सांगितलं."

"मग सांग. पण मग आपण ऐन थंडीत घर शोधत फिरू, हे लक्षात ठेव."

तो अर्धी थट्टा करत होता, अर्धी नव्हता. मी दोन दिवस काढले. कॉलेजात असताना मुलांनी चुकीचा अर्थ लावला की मी सरळ खोडायची, तेव्हा कधी हात अडखळला नाही. इथे अडखळत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये पत्र उतरवून काढलं, कोशातून एकेक शब्द शोधत, आणि खाली जाऊन वाचून दाखवलं. माझी व्याकरणाची चूक झाली की मास्तर नेहमी थांबवायचे. त्या दिवशी एकदाही थांबवलं नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "प्रवासापुरते, असं नक्की लिहिलंय?"

"नक्की."

"आजोबांना इंग्रजी येत होतं," ते म्हणाले. "दोन वर्षं तिथे राहिलेला माणूस. म्हणजे त्यांनी हे वाचलं होतं."

दोन दिवस मास्तर दिसले नाहीत. खालून शिवणयंत्राचा आवाजही नाही. मी धास्तावले. नवऱ्याने स्थानिक वर्तमानपत्रातलं घरांच्या जाहिरातींचं पान टेबलावर उघडं ठेवलेलं मला दिसलं. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. मास्तर कोट-टाय घालून उभे होते.

"ते परत गेले पाहिजेत," ते म्हणाले. "मला इंटरनेट येत नाही. तुम्हाला येतं."

झालं, माझ्या दिवसांना काम मिळालं. पत्रात गावाचं नाव होतं, बाईचंही होतं. आमच्या संथ कॉम्प्युटरवर मी ते गाव शोधून काढलं. ठाणं केव्हाच गेलं होतं, पण गाव होतं, शाळा होती आणि शाळेचा ईमेल पत्ताही. मोज्यांचे फोटो काढले, पत्राची नक्कल जोडली आणि आम्ही कोण, हे चार ओळींत लिहून पाठवलं. तीन आठवडे काहीच नाही. मास्तर रोज विचारायचे, मी रोज मान हलवायचे.

मग उत्तर आलं. लिहिणारी त्या शाळेत क्री भाषा शिकवणारी बाई होती. गावच्या चर्चच्या जुन्या नोंदवहीत तिने नाव शोधलं होतं. पत्रातली बाई तिच्या आजीची आई होती. पुढे तिने लिहिलं होतं, की येत्या जुलैत त्यांच्या भागातली काही माणसं जर्मनीतल्या संग्रहालयांमध्ये ठेवलेल्या आपल्या लोकांच्या वस्तू बघायला येणार आहेत, तीही त्यांच्यात आहे. एक दिवस काढून ती आमच्याकडे येईल. 'पोस्टाने पाठवू नका,' असं शेवटी होतं. 'एकदा वाटेत हरवलेत, तेवढं पुरे.'

मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा पत्र वाचल्यापासून पहिल्यांदाच मास्तर हसले.

जुलैपर्यंत त्यांनी धावपळ केली ती कागदांची. फरची वस्तू देशाबाहेर न्यायची म्हणजे परवाना लागतो का, कुणाचा लागतो, हे विचारत ते त्सोलआम्ट, म्हणजे कस्टमच्या कचेरीत, तीनदा जाऊन आले. तिसऱ्या वेळी शिक्क्यांचा कागद घेऊन परतले आणि तो त्यांनी मला पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसा दाखवला.

मेमध्ये माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. त्या इस्लामपूरच्या शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. मोत्यांची तोरणं, रुखवतातले कशिदे यांत त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. खाली काय आहे, हे आम्ही लपवणार होतो, पण चौथ्याच दिवशी तळघरात धुलाईयंत्रापाशी गेल्या आणि उघड्या दारातून त्यांना कोट दिसले.

"अगं बाई, हे काय गं?" वर येऊन त्या म्हणाल्या. "खाटकाच्या वर राहता होय तुम्ही?"

"आई, ते शिंपी आहेत," मी म्हटलं.

"शिंपी कापड शिवतो."

पंधरा दिवस त्या मास्तरांशी लांबूनच नमस्कार करून राहिल्या. मास्तर तेवढ्याच अदबीने हात जोडायचे. मग एका दुपारी मी मोजे वर आणले, कारण फोटोंत उलटी बाजू आली नव्हती आणि कॅनडाहून ती मागितली होती. सासूबाई भाजी निवडत होत्या. मणी बघितले आणि त्यांनी भाजी बाजूला सारली, हात धुतले, चष्मा लावला.

"दोन सुया," त्या म्हणाल्या. "एका सुईत मणी ओवलेत आणि दुसरीने दर दोन मण्यांमागे टाका घालून ती ओळ खाली बसवलीय. आपण मखमलीवर असंच करतो." मग त्यांनी डाव्या मोज्याचं सुटलेलं अस्तर बोटाने उघडलं. मुलींना त्या नेहमी सांगायच्या की कशिदा तपासायचा तर उलट बाजूने. बराच वेळ एकदा हा, एकदा तो मोजा त्या उलटून पाहत राहिल्या.

"हे दोघींचं काम आहे."

"कशावरून, आई?"

"हा उजव्या हाताने शिवलाय. टाके असे कलतात, बघ. आणि ह्याचे सगळे उलटे. ही डावखुरी होती. आणि शिकाऊ. पहिलं फूल गचाळ, शेवटचं किती छान आलंय. एकाच मोज्यात शिकली पोरगी."

त्या संध्याकाळी त्या स्वतःहून माझ्याबरोबर खाली उतरल्या. मास्तरांनी खुर्ची दिली. मी मध्ये बसून मराठीचं जर्मन करत होते, पण माझी फारशी गरज पडली नाही. त्या टाका दाखवायच्या, हे भिंग पुढे करायचे, त्या मान हलवायच्या, हे "या, या", म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, म्हणायचे. निघताना कोटांकडे बघून त्या म्हणाल्या, "मला हे पटलेलं नाही, ते सांग त्यांना. पण शिवण सुरेख आहे, तेही सांग." मी दोन्ही सांगितलं. मास्तर म्हणाले, त्यांच्या बायकोचंही हेच मत होतं.

जुलैतल्या एका शनिवारी मी आणि नवरा पाहुणीला आणायला स्टेशनवर गेलो. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा लावलेली, पाठीवर सॅक. शाळेतली बाई म्हणून दुरूनच ओळखू येईल अशी. बागेत अक्रोडाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. मास्तर पुन्हा कोट-टायमध्ये, एवढ्या उन्हात. इंग्रजीची दोन वाक्यं त्यांनी आठवडाभर घोकली होती. ती त्यांनी उभं राहून म्हटली.

"माझ्या आजोबांनी हे पाठवले नाहीत. मला उशीर झाला."

पाहुणीने मोजे दोन्ही हातांत घेतले. आधी वास घेतला, माझ्यासारखाच. डोळे मिटून बराच वेळ. मग म्हणाली, "थंडी पडायच्या आत दिलेत, हे बरं झालं."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. मास्तरांना आधी कळेना की हसायचं की नाही. ती हसतेय हे पाहून हसले आणि खाली बसले. नवऱ्याने त्यांना पाणी दिलं.

सासूबाईंना धीर निघत नव्हता. "तिला विचार," त्या मला म्हणाल्या, "घरात कुणी डावखुरी होती का?"

मी विचारलं. पाहुणीने चमकून सासूबाईंकडे पाहिलं.

"माझी आजी," ती म्हणाली. "मिशनच्या शाळेत तिचा डावा हात बांधून ठेवायचे. तरी शिवायची ती डाव्यानेच. हे तुम्हाला कसं कळलं?"

सासूबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या, अस्तर उघडलं आणि तिचं बोट धरून उलट्या टाक्यांवरून फिरवलं. पाहुणीचे डोळे भरून आले. सासूबाईंनी पदर पुढे केला, मग लक्षात येऊन टेबलावरचा कागदी रुमाल दिला. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं.

चहा झाल्यावर मी तिला मूळ पत्र दिलं. पाद्र्याचं इंग्रजी तिने भरभर वाचलं, नक्कल आधी पाहिलेलीच होती. मग खालच्या त्या त्रिकोण-ठिपक्यांवर थांबली.

"हे कशाचं गिरगटणं आहे?" मी विचारलं. "नकलेत ते फिकट आलं होतं."

"गिरगटणं नाही. ही आमची लिपी. पणजीला येत होती, तेव्हा सगळ्यांनाच यायची. हे तिने स्वतः लिहिलंय."

तिने आधी क्रीमध्ये वाचलं. मग इंग्रजीत सांगितलं आणि मी ते एकदा जर्मनमध्ये, एकदा मराठीत केलं.

'मोजे नवऱ्याचे आहेत, मुलीने पहिल्यांदा हात चालवलाय, म्हणून परत हवेत. तू पोचलास का, आणि हात बरे झाले का, ते कळव.'

मग सासूबाई म्हणाल्या, "माहेरी सांगावा धाडावा तसं लिहिलंय बाईने." आणि मास्तरांनी खिशातून कागद-पेन काढून मला ती दोन वाक्यं जर्मनमध्ये सावकाश पुन्हा सांगायला लावली. ते लिहून घेत होते. लिहून झाल्यावर पाहुणीकडे वळून, घोकून न ठेवलेल्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, "पोचले. लाइपझिगला. हात चांगले झाले. म्हातारे होईपर्यंत काम केलं."

"मी सांगेन," पाहुणी म्हणाली. तिच्या गावाच्या टेकडीवर पणजीचं थडगं होतं, तिथे जाऊन सांगणार होती.

दुपारच्या जेवणाला आमच्या घरची थालीपिठं होती आणि मास्तरांनी केलेलं बटाट्याचं सॅलड. पाहुणीने थालीपीठ बघून म्हटलं, आमच्याकडे अशीच जाड रोटी करतात, व्यापाऱ्यांनी मैदा आणल्यापासून. सासूबाईंना भाजणी काय असते ते समजावून सांगायचं होतं. त्यात एवढे प्रश्न निघाले की तिची गाडी चुकायची वेळ आली. मोजे तिने सॅकमध्ये ठेवले नाहीत. ती लोकरीची वेणी गळ्यात अडकवली आणि भर उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना मोजे लोंबत असलेली ती बाई इंगोलश्टाटच्या गाडीत चढली. शिक्क्यांचा कागद हातात होता.

पुढच्या फेब्रुवारीत तिची ईमेल आली. मोजे काचेच्या पेटीत ठेवायचे की नाही, यावर गावात बराच वाद झाला. शेवटी शाळेत ठेवायचे ठरलं आणि वरच्या वर्गातल्या मुलींनी त्यांच्यावरून बेतून नवे मोजे शिवले. सोबत फोटो होता. बर्फात उभ्या नऊ-दहा मुली, सगळ्यांचे मोजे घातलेले हात वर. मी तो छापून मास्तरांना नेऊन दिला. त्यांनी भिंगाखाली धरून प्रत्येक मोजा तपासला.

"अंगठ्याची शिवण चुकलीय," ते म्हणाले. "हात दुमडला की ओढ बसेल. त्यांना लिहा."

त्यांनी आकृती काढून दिली, मी ती पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं, की सल्ल्याबद्दल आभार, पण आमच्याकडे अंगठा असाच लावतात. हातात कुऱ्हाड असते, तेव्हा तिथे ती ओढच हवी असते, म्हणजे पकड सुटत नाही. मास्तरांनी उत्तर दोनदा ऐकलं. टेबलावरची टाकाऊ कातड्याची एक पट्टी उचलून अंगठ्याभोवती गुंडाळली, हातोडीचा दांडा पकडला, मूठ दुमडली, उघडली, पुन्हा दुमडली.

"हो," ते म्हणाले. "बरोबर आहे त्यांचं." आणि त्या तऱ्हेचा अंगठा कापून बघायला माझ्याकडे कात्री मागितली.